कुवाबारा-सानच्या गुलाबावरचा बर्फ

लक्ष्मीकांत आठल्ये यांना कुवाबारा-सानबद्दल खरं म्हणजे फारच थोडं माहीत होतं. हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा कुवाबारा-सान जाऊन चार दिवस झाले होते.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मंजुषाचा जपानहून फोन आला. "बाबा, वाईट बातमी आहे. शेजारच्या कुवाबारा-सान गेल्या. झोपेतच गेल्या म्हणे." मग ती म्हणाली, "आमच्या आळीतली मंडळी त्यांच्या आठवणींचं एक पान काढतायत. तुम्ही दोन ओळी लिहून द्या ना, मी जपानीत करते. तुमची तर त्यांच्याशी दोस्तीच होती."

"दोस्ती कसली? एकमेकांचं बोलणंसुद्धा कळत नव्हतं आम्हाला."

"म्हणूनच जमलं असेल."

"त्यांचं नाव काय गं?"

"कुवाबारा-सान."

"ते आडनाव झालं. नाव?"

मंजुषालाही माहीत नव्हतं. विचारून सांगते म्हणाली आणि संध्याकाळी निरोप आला : किनुको.

लक्ष्मीकांत कागद घेऊन बसले. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून काढलेली. लिहिणं म्हणजे नकाशाच्या कोपऱ्यातली अक्षरं, तेवढाच सराव. 'कुवाबारा-सान फार चांगल्या होत्या,' एवढं लिहून पेन अडलं. त्यांना नवरा होता का, मुलंबाळं होती का, काही ठाऊक नव्हतं. शाळांसाठी जेवण शिजवणाऱ्या एका मोठ्या स्वयंपाकघरात त्यांनी बावीस वर्षं काम केलं होतं, हे माहीत होतं. हसताना त्या तोंडावर हात धरत, हे माहीत होतं. त्यांच्या दारात एक वेलगुलाब होता, हे माहीत होतं. आणि त्या गुलाबाचं आपण काय केलं, हेही माहीत होतं. पण ते त्या पानावर लिहिण्यासारखं नव्हतं.

जावई अनुराग आधी टोकियोजवळच्या ग्योतोकुला होता. तिथे निदान तूरडाळ कोपऱ्यावर मिळायची, असं मंजुषा अजून म्हणते. मग कंपनीने त्याला थेट उत्तरेला, होक्काइदो बेटावर धाडलं आणि ती दोघं साप्पोरोजवळच्या एबेत्सु गावात भाड्याच्या घरात राहू लागली. लक्ष्मीकांत पहिल्यांदा तिथे गेले ते तीन महिन्यांच्या व्हिसावर, ऑक्टोबरच्या अखेरीस. पत्नी सुरेखाबाईंची आई नव्वदीपुढची, तिला सोडून त्यांना निघता येईना, म्हणून ते एकटेच गेले.

दुसऱ्याच दिवशी कुंपणापलीकडे एक कमरेत वाकलेल्या बाई गुलाबाशी झटापट करताना दिसल्या. गुलाब घराच्या दक्षिणेच्या भिंतीवर तारेच्या जाळीने थेट वळचणीपर्यंत चढला होता. बाई शिडीवर उभ्या राहून सुतळीची एकेक गाठ सोडत होत्या आणि उरलीसुरली पानं हातानं ओरबाडून काढत होत्या. लक्ष्मीकांतांचे पाय तिथेच थांबले. पुण्याला त्यांच्या गच्चीवर गुलाबाच्या सत्तावीस कुंड्या होत्या. गुलाबातलं आपल्याला कळतं, ही आयुष्यात त्यांनी बाळगलेली एकुलती एक बढाई. तीही मनातल्या मनात.

बाईंनी त्यांना पाहिलं, मान लववली आणि कसलाही संकोच न करता एक लांबलचक फांदी त्यांच्या हाती दिली. धरा, असा त्याचा अर्थ होता.

"युक्कुरि," बाई म्हणाल्या. हळूहळू.

चार दिवस ते काम चाललं. पहिल्या दिवशी फांद्या थोड्याशा वाकवून खुंटीला बांधल्या, दुसऱ्या दिवशी आणखी थोड्या, आणि चौथ्या दिवशी अख्खा गुलाब जमिनीवर आडवा झाला. एकही फांदी तडकली नाही. मग बाईंनी बुंध्यावर पालापाचोळा आणि मातीचा ढीग रचला, त्यावर पेंढ्याची चटई घातली आणि ती दोरीने आवळली. हे मात्र लक्ष्मीकांतांना पाहवेना. कलमाचा डोळा, म्हणजे जंगली खुंटावर चांगला गुलाब जिथे भरलेला असतो ती गाठ, चांगली चार बोटं गाडली गेली होती. पुण्यात कुणाही गुलाबवाल्याला विचारा, डोळा मातीवर हवा. उलट आपण तर छाटणीच्या आधी बुंध्याशी उकरून मुळांनासुद्धा चार दिवस ऊन देतो. त्यांनी बोटाने ढीग दाखवला आणि जोरजोरात मान हलवली. बाई तोंडावर हात धरून हसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःला कवटाळून कुडकुडल्याचं सोंग केलं, मग तळवे गालाखाली घेऊन डोळे मिटले. झोपलाय तो.

त्या संध्याकाळी मंजुषा कामावरून आली तेव्हा कुंपणाशी तिला दुभाषी करून दोघांनी पहिल्यांदा नीट गप्पा मारल्या.

"बाबा, त्या म्हणतायत, हा चौथा. आधीचे तीन गेले."

"तीन?"

"पहिला पिवळा. दुकानातल्या चिठ्ठीवरचं चित्र आवडलं म्हणून आणला. चिठ्ठी अजून आहे म्हणे, गुलाब एका हिवाळ्यात गेला."

लक्ष्मीकांत हसले. बाईही हसल्या.

"दुसरा लाल. तो थंडीला दाद देत नव्हता, पण फांद्या ह्याऽऽ अशा जाड. वाकेचना. वाकवला तर मोडला. आणि तिसऱ्याची साल बर्फाखाली उंदरांनी खाल्ली. उंदरांना एकदम पसंत पडला, म्हणतायत."

"आणि हा?"

मंजुषाने विचारलं. बाई जरा वेळ बोलत होत्या.

"हा घेताना फूल बघितलंच नाही, म्हणतायत. फांदी वाकवून बघितली. जो निजेल तोच इथला हिवाळा काढेल. सात वर्षं झाली याला."

दिवाळीला लक्ष्मीकांतांनी डबाभर चकल्या कुंपणावरून दिल्या. तो डबा दोन दिवसांनी मुळ्याचं लोणचं भरून परत आला. "डबा रिकामा पाठवायचा नाही, हे इथेही आहे बघ," त्यांनी फोनवर सुरेखाबाईंना सांगितलं. "बरं आहे," सुरेखाबाई पुण्याहून म्हणाल्या, "तिथे जाऊनही तुम्हाला गुलाबवालीच सापडली."

वर्ष सरता सरता एके दिवशी सकाळी कुवाबारा-सान बॅग घेऊन फाटकाशी आल्या. मंजुषा स्टेशनवर निघण्याच्या घाईत होती. दोघी दोन मिनिटं बोलल्या.

"काय म्हणाल्या?"

"काही दिवस बाहेरगावी जातायत. वर्तमानपत्र तेवढं आत घ्यायला सांगितलंय. आणि बर्फाचं राहू द्या म्हणाल्या."

"म्हणजे काय?"

"म्हणजे राहू द्या. त्यांच्या अंगणातल्या बर्फाला हात लावायला नको."

"अगं, असं म्हणायचं असतं. पानावर बसल्यावर आपण नाही का म्हणत, पुरे, राहू द्या? म्हणून वाढणारा थांबतो का?"

"बाबा, इथे थांबतात."

"म्हातारी एकटी बाई. शेजार म्हणून काही आहे की नाही?"

"करा मग काय करायचं ते. पाठ सांभाळा फक्त," मंजुषा म्हणाली आणि गाडी चुकू नये म्हणून पळाली.

एबेत्सुत बर्फ काढायला एक मोठं लोखंडी सुपडं असतं, दोन्ही हातांनी ढकलायचं. तिथे त्याला मामासान-दांपु म्हणतात. रोज सकाळी लक्ष्मीकांत आपलं फाटक मोकळं करून झालं की ते सुपडं घेऊन शेजारी जात. वाट मोकळी करत. मग गुलाबाकडे वळत. मांडीएवढ्या बर्फाखाली तो चिरडून जाईल, याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी बर्फ दूर केला, चटई उचलली. खाली सगळं ओलसर. कुजणार हे. हाताने पाचोळा बाजूला केला आणि डोळा दिसला तेव्हा त्यांना अगदी हायसं वाटलं. बंद खोलीची खिडकी उघडून दिल्यासारखं. चटई त्यांनी झटकून वळचणीखाली नीट टांगून ठेवली.

त्यानंतर जो जो बर्फ पडला तो ते रोज झाडत राहिले. फांद्यांवरचा तर हातमोज्याने, एकेका फांदीवरून. एकदा रस्त्यावरून जाणाऱ्या एका गृहस्थांनी थांबून काहीतरी विचारलं. लक्ष्मीकांत "हाय, हाय" म्हणाले, म्हणजे जपानीत हो, हो. गृहस्थ गोंधळून मान लववून गेले. आपलं कौतुक केलं असावं, असं लक्ष्मीकांतांना वाटलं. त्या आठवड्यात आभाळ स्वच्छ होतं, रात्री उणे एकोणिसापर्यंत उतरत होत्या.

कुवाबारा-सान परतल्या त्या अकराव्या की बाराव्या दिवशी, दुपारी. लक्ष्मीकांत वरच्या खिडकीत होते. बाई फाटकातून आत आल्या आणि भिंतीपाशी थांबल्या. बॅग हातातच होती. बराच वेळ थांबल्या. मग घरात न जाता मंजुषाच्या दारावर येऊन त्यांनी घंटी वाजवली, कागदात बांधलेला मिठाईचा डबा लक्ष्मीकांतांच्या हातात ठेवला आणि कमरेतून इतक्या वाकल्या की आधीच वाकलेली ती पाठ जमिनीला टेकेल असं वाटलं. "आरिगातो गोझाइमाशिता," त्या म्हणाल्या. फार आभारी आहे. दोनदा म्हणाल्या. लक्ष्मीकांतांना भरून आलं. म्हटलं होतं ना मंजूला!

चहा टाकून ते पुन्हा खिडकीशी आले. खाली कुवाबारा-सान प्रवासाच्याच कपड्यांत होत्या. वळचणीखालची चटई त्यांनी काढली होती. पाचोळा परत बुंध्यावर ओढून घेतला होता. आता त्या बादली घेऊन रस्त्याच्या कडेच्या ढिगाऱ्याशी जात होत्या, बादलीभर बर्फ घेऊन येत होत्या आणि गुलाबावर ओतत होत्या. ओतला की हाताने थोपटत होत्या. मग पुन्हा ढिगाऱ्याकडे. एक हात कमरेवर.

लक्ष्मीकांतांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. लहान मुलालाही कळलं असतं. बर्फ हेच पांघरूण होतं. आपण रोज सकाळी उठून झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण काढत होतो.

खाली जायला बारा पायऱ्या होत्या. सुपडं दाराशीच उभं होतं. त्याने दोन खेपांत ते काम झालं असतं. पण खाली जायचं म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहायचं. लक्ष्मीकांत पडद्याच्या आड सरकले. अकरा बादल्या त्यांनी मोजल्या. मग त्यांनी पडदा ओढून घेतला आणि पुढच्या मोजल्या नाहीत.

संध्याकाळी मंजुषाने मिठाईचा डबा उघडला. "काय छान आहे! बाबा, घ्या ना."

"तुम्हीच खा. मला गोड नको."

आठवड्याभराने ते पुण्याला परतले. गच्चीवरच्या गुलाबांना त्या फेब्रुवारीत असा बहर आला की खालच्या मजल्यावरचे लोक बघायला आले. लक्ष्मीकांतांना तिकडे बघवत नव्हतं. चूक अजाणता झाली, तिची त्यांना एवढी बोचणी नव्हती. पडद्यामागे उभं राहणं अजाणता झालं नव्हतं.

फोनवर ते सहज विचारल्यासारखं विचारत. "शेजारचा गुलाब काय म्हणतोय?"

"बर्फ आहे बाबा अजून."

महिन्याने, "आता?"

"बर्फ गेला."

मेमध्ये, "पानं फुटली का गं?"

"सगळीकडे फुटली. त्यांच्याकडे... काय माहीत, दिसत नाहीत. का हो? एवढी काय काळजी?"

"काही नाही. सहज."

जूनमध्ये ते पुन्हा गेले, तेव्हा जाळी रिकामी होती. फांद्या काळ्या पडल्या म्हणून बुंध्यापर्यंत कापून टाकल्या होत्या. डोळ्याच्या खालून मात्र खुंटाला एक हिरवागार धुमारा आला होता, बारीक सात-सात पानांचा, आणि कुवाबारा-साननी तो सुतळीने जाळीला बांधला होता. त्यांनी लक्ष्मीकांतांना हाताने खूण करून जवळ बोलावलं. धुमाऱ्याला चवल्यांएवढी पांढरी फुलं आली होती, जंगली.

"शिरोइ," त्या म्हणाल्या. पांढरी. जणू काही हीच फुलं यायची होती.

त्याच दिवशी जेवताना मंजुषा बोलून गेली, "बिचाऱ्या. मागच्या हिवाळ्यात त्यांची मोठी बहीण गेली ना. त्या तेव्हा कुशिरोला तिच्याच उशाशी होत्या. तुम्हाला सांगितलं होतं की मी."

"नव्हतं सांगितलं."

"सांगितलं असेन. भाजी घ्या."

त्यांनी भाजी घेतली नाही. बहिणीला पोचवून आलेली बाई. प्रवासाच्या कपड्यांत.

आता माफी मागायचीच, असं त्यांनी ठरवलं. मंजुषाला मध्ये घ्यायचं नाही. घेतलं तर आधी तिला सगळं सांगावं लागणार, पडद्यासकट. म्हणून त्यांनी मोबाइलवरून एक वाक्य जपानीत करून घेतलं, 'तुमच्या गुलाबावरचा बर्फ मी काढला,' आणि ते देवनागरीत लिहून पाठ केलं. आठ दिवस अंघोळीला गेले की तेच पुटपुटत. मग एका दुपारी पुण्याहून आणलेल्या बाकरवडीचा पुडा घेऊन ते शेजारी गेले. बाईंनी आत घेतलं, पंखा त्यांच्याकडे वळवला, गार जवाचा चहा दिला. लक्ष्मीकांतांनी घसा साफ केला.

"युकि..." ते म्हणाले. बर्फ.

"युकि?" कुवाबारा-सान खळखळून हसल्या. त्यांनी खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बोट दाखवलं, पदराने वारा घ्यावा तसा रुमालाने वारा घेतला. युकि म्हणे! एवढ्या उकाड्यात!

पुढचे शब्द लक्ष्मीकांतांच्या तोंडातून आलेच नाहीत. ते हसले. असं हसल्याचीही त्यांना लाज वाटली.

तोवर बाईंनी गुलाबांची रंगीत पुस्तिका आणून मेजावर उघडली होती. नवा गुलाब निवडायचा होता. आणि निवडायला त्यांना लक्ष्मीकांत हवे होते. लक्ष्मीकांतांनी लाल भरगच्च फुलावर बोट ठेवलं. बाईंनी मनगट आवळून दाखवलं : जाड, वाकणार नाही. त्यांनी पिवळ्यावर ठेवलं. बाईंनी कुडकुडून दाखवलं. मग त्यांनी आकडे बघायला शिकवलं, कुठला किती उण्यापर्यंत टिकतो ते. आणि फुलांच्या चित्रांवर चक्क हात झाकून धरला. चित्र बघायचं नाही. लक्ष्मीकांत चष्मा सरकवून आकडे वाचू लागले. शेवटी एका फिक्या गुलाबीवर दोघांची बोटं थांबली. त्याच्यापुढे एक खूण होती. बाईंना ती समजावून सांगायची होती, म्हणून त्यांनी मंजुषाला फोन लावून तो लक्ष्मीकांतांच्या कानाला दिला.

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे. त्या म्हणतायत, हा कलमी नाही, स्वतःच्याच मुळावरचा आहे. वरचा सगळा मेला तरी खालून पुन्हा हाच येतो. दुसरा कुणी येत नाही. बरं ठेवते."

लक्ष्मीकांतांनी फोन परत दिला. त्यांचे कान तापले होते. बाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या; पुस्तिकेच्या त्या पानाचा कोपरा दुमडत होत्या. त्यांना ठाऊक होतं का? ठाऊक नसेल कसं? अंगणात दुसऱ्या कुणाच्या बुटांचे ठसे असणार होते? पण मग एक शब्दही कसा नाही? की हाच तो शब्द होता? लक्ष्मीकांतांना उठून त्यांच्या पायांना हात लावावासा वाटला, पण तिथे तशी रीत नव्हती, आणि असती तरी त्यांच्याच्यानं झालं नसतं. त्यांनी चहा संपवला.

रोप वसंतात येणार होतं.

पुढचे दोन महिने रोज भेट होई. रोज सकाळी ते ठरवत, आज. कधी बाई भाजीला निघालेल्या असत, कधी कुणी बरोबर असे, आणि कधी कुणीच नसे, बाई खुर्चीवर नुसत्या बसलेल्या असत, तेव्हा तर मुळीच जमत नसे. पाठ केलेलं वाक्य रोज थोडं थोडं पुसट होत गेलं.

सप्टेंबरात निघायचा दिवस उजाडला. गाडी आठला येणार होती. साडेसहाला मंजुषाच्या स्वयंपाकघरातली कचऱ्याची पिशवी उचलून ते कोपऱ्यावर गेले, तर कुवाबारा-सान तिथेच उभ्या होत्या, कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून त्यांच्यावर जाळी पसरत. त्या आठवड्यात आळीतली ती पाळी त्यांची होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. आत्ता नाही तर कधीच नाही, हे लक्ष्मीकांतांना कळत होतं. ते समोर जाऊन उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं.

कुवाबारा-सानचं लक्ष त्यांच्या हातातल्या पिशवीकडे होतं.

"ओतोसान," त्या म्हणाल्या. मंजुषाचे वडील म्हणून त्या त्यांना बाबाच म्हणत. जाळीखालच्या पिशव्यांकडे त्यांनी बोट केलं. "आज प्लास्टिकचा वार. हा ओला उद्या."

"सुमिमासेन," लक्ष्मीकांत म्हणाले. चुकलं माझं.

"दाइजोबु, दाइजोबु," कुवाबारा-सान म्हणाल्या. असू दे, काही बिघडलं नाही. आणि पिशवी घ्यायला त्यांनी हात पुढे केला. "द्या इकडे. उद्या मी टाकते."